बीटी पचवणारी बोंडअळी

बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. झाडाच्या पेशीत त्या जनुकावरून आधी आरएनएची प्रत उतरते; हे प्रतिलेखन. त्या प्रतीबरहुकूम विषारी प्रथिन तयार होते. अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला ते चिकटले, तरच अळी मरते.

भारतातल्या गुलाबी बोंडअळीत या कॅडहेरिनचेच जनुक बिघडलेले सापडले. त्याच्या आरएनएचे तुकडे भलत्याच तऱ्हेने जोडले जातात, प्रथिन अर्धवट बनते आणि विषाला चिकटायला जागा उरत नाही. असे उत्परिवर्तन विषामुळे घडत नाही. ते क्वचित, आपोआप होतच असते. विष बाकीच्या अळ्या मारून बदललेल्यांना रान मोकळे करून देते.

हा बिघाड अप्रभावी आहे. नर आणि मादी दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच अळी वाचते. म्हणून २००२ साली बीटीला परवानगी देतानाच भोवती साध्या कपाशीच्या ओळी लावण्याची अट होती. त्या ओळींतल्या साध्या पतंगांशी संकर झाला, की पिल्लांत एक चांगली प्रत येते आणि ती बीटीवर मरतात. नॉन-बीटीची पुडी पाकिटासोबत मिळे, पण ती बहुतेकांनी पेरलीच नाही. साधी कपाशी म्हणजे वाया गेलेली जागा, हा समज फार महागात पडला.

संकरित वाणाने भर घातली. जनुक एकाच पालकाकडून आलेले असेल, तर मेंडेलच्या नियमाने बोंडातल्या चारांपैकी साधारण एका सरकीत ते नसते. गुलाबी अळी तर सरकीच खाते. २००६ मध्ये दुसरे जनुक जोडलेले बीटी आले. अळीने तेही पचवले. २०१७ च्या हंगामात आमच्या माजलगावच्या पट्ट्यात बाहेरून धडधाकट दिसणारे बोंड फोडले, की आत कवडी निघे.

सिंदफणेवरच्या धरणाचे पाणी असले, की फरदड ठेवायचा मोह होतो. तो टाळावाच. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. पीक जितके लांबते तितक्या तिच्या पिढ्या वाढतात, आणि प्रत्येक पिढीत प्रतिकारक्षम अळ्यांचे प्रमाण चढते. डिसेंबरअखेर रान मोकळे करावे, पऱ्हाट्या बांधावर रचू नयेत. घरची सरकी पेरू नये. जूनआधी लागवड नको. फुले लागताना डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजावेत. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली.