परिच्छेद कसा मांडावा?

माझी फजिती ऐका. आमच्या आजीने १९७२ च्या दुष्काळाची हकीकत सांगितली. ती मी भित्तिपत्रिकेसाठी शाळेच्या संगणकावर टाइप केली. वहीत ओळ संपली की आपण खालच्या ओळीवर येतो. तसाच मी दर ओळीला एंटर दाबला. मथळा मधोमध यावा म्हणून स्पेस दाबत बसलो.

आजीला वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी केली, तर काय! ओळी अर्ध्यावर तुटल्या. मथळा उजवीकडे पळाला.

गुरुजी हसून म्हणाले, "अरे, ओळ भरली की संगणक आपोआप खाली जातो. एंटर दाबलास की तो समजतो, परिच्छेद संपला."

मग मी मधले एंटर आणि स्पेस काढून टाकले. तुम्हीही हे लक्षात ठेवा :

१) परिच्छेद संपल्यावरच एंटर दाबावा.
२) मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल व ई एकदम दाबावे. मथळा मधोमध येतो.
३) दोन्ही कडा सारख्या करायला कंट्रोल व जे दाबावे.
४) पहिली ओळ आत घ्यायला पट्टीवरचा वरचा त्रिकोण सरकवावा.
५) चुकले तर कंट्रोल व झेड दाबावे.

एका परिच्छेदात एकच गोष्ट असावी. मी तीन केले : आटलेली विहीर, आईवडिलांचे खडी फोडणे, शाळेतली सुकडी.

काल आजीने बोट लावून सगळं वाचलं. खडीचा परिच्छेद संपला तिथं ती जरा थांबली. डोळे पुसले, मग पुढचा वाचला.