पाच उदाहरणे आणि सहावी संख्या

३, ५, ७ या मूळ संख्या पाहून विद्यार्थी 'सर्व विषम संख्या मूळ असतात' असा नियम सांगून मोकळा होतो. ९ पुढे येताच तो नियम मोडतो. थोड्या उदाहरणांवरून नियम बांधण्याची ही घाई मोठ्या गणितज्ञांसही कशी चुकली नाही, हे वरच्या इयत्तांत ४,२९,४९,६७,२९७ या संख्येच्या साहाय्याने उत्तम रीतीने शिकविता येते.

प्रथम फळ्यावर २ लिहावा. त्याचा वर्ग ४. ४ चा वर्ग १६. १६ चा २५६. २५६ चा ६५,५३६. यांतील प्रत्येक संख्येत १ मिळविला असता ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ आहेत. यावरून १६४० च्या सुमारास फेर्मा या फ्रेंच गणितज्ञाने असा तर्क केला की, ही रीत कितीही पुढे चालविली तरी मूळ संख्याच मिळेल.

याच रीतीने येणारी सहावी संख्या म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. विद्यार्थ्यांना तिला कसोट्या लावू द्याव्यात. एककस्थानी ७ आहे, म्हणून २ व ५ यांनी भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ नेही नाही. ७, ११ व १३ यांनी भागून पाहिल्यासही बाकी उरते. येथवर फेर्माचे म्हणणे खरे वाटू लागेल. तसे वाटू द्यावे.

परंतु १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखविले की, या संख्येस ६४१ ने निःशेष भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. याचा ताळा मुलांकडूनच करवून घ्यावा :

६७,००,४१७ ची ६०० पट = ४,०२,०२,५०,२००
४० पट = २६,८०,१६,६८०
१ पट = ६७,००,४१७
बेरीज = ४,२९,४९,६७,२९७

'६४१ सापडला कसा?' असे एखादा विद्यार्थी विचारील. मूळ संख्यांनी क्रमाने भाग देत गेल्यास ६४१ चा क्रमांक ११६ वा लागतो. पुढे ऑयलरनेच सिद्ध केले की, या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकास ६४ ने भागले असता बाकी १ च उरते. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ या होत. म्हणजे पाचव्याच भागाकारात कार्य साधते. आधी केलेला विचार श्रम किती वाचवितो, हे येथे विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दिसेल.

या रीतीने ६५,५३७ च्या पुढे आजवर एकही मूळ संख्या आढळलेली नाही. तथापि 'आढळली नाही' म्हणजे 'नाहीच' असे नव्हे, हेही स्पष्ट करावे.

फेर्माची पाचही उदाहरणे बरोबर होती. तरी एका संख्येने नियम मोडला. म्हणून विद्यार्थ्याने नियम सांगताच 'हा सर्वत्र लागू पडतो काय?' असे शिक्षकांनी अवश्य विचारावे, आणि शंका काढणाऱ्या मुलास गप्प न बसविता त्याच्या हाती खडू द्यावा.