हेडर फाईल सापडत नाही? आधी एरर नीट वाचा



जुनी गोष्टींची पुस्तकं स्कॅन करून मुलांसाठी मोठ्या अक्षरात पुन्हा छापायची, तर टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. ते मराठी ओळखतं. उबंटू २०.०४ मध्ये त्याची ४.१ आवृत्ती तयार मिळते. तिच्यावर भागत असेल तर पुढच्या भानगडीत पडूच नका! २०२१ साली आलेली ५ वी आवृत्ती सोर्सपासून बांधायला घेतली, की बऱ्याचदा गाडी अडते: लेप्टोनिका मिळाली नाही, किंवा 'ऑलहेडर्स डॉट एच' ही फाईल नाही.

गंमत म्हणजे लेप्टोनिका संगणकात असतेच. मग?

पंचायतीत दाखला देणारा माणूस आत बसलेला असतो. कोणता दाखला मिळतो आणि त्यासाठी कोणते कागद द्यायचे, ते बाहेरच्या फलकावर लिहिलेलं असतं. लायब्ररी म्हणजे आतला माणूस, हेडर फाईल म्हणजे फलक. तयार प्रोग्राम चालवायला माणूस पुरतो. नवा प्रोग्राम बांधताना कंपायलरला फलक वाचावा लागतो. उबंटू या दोन गोष्टी वेगवेगळ्या पॅकेजात देतं: 'लिबलेप्ट५' मध्ये माणूस, 'लिबलेप्टोनिका-डेव्ह' मध्ये फलक. शेवटी 'डेव्ह' असलेलं पॅकेज टाकलं की काम होतं. 'झेडलिब डॉट एच' नसेल तर 'झेडलिब१जी-डेव्ह', 'पायथन डॉट एच' नसेल तर 'पायथन३-डेव्ह'. (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

एररच्या पन्नास ओळी आल्या तरी पहिलीच वाचा. खालच्या बहुतेक तिच्याच पोटातून आलेल्या असतात. आणि कुठून तरी एकटी हेडर फाईल उतरवून चिकटवू नका. फलक एका आवृत्तीचा, माणूस दुसऱ्या आवृत्तीचा, असा घोळ होतो आणि तो शोधणं जास्त कठीण.

भामरागड, एटापल्ली किंवा जिवतीकडच्या शाळांत एकेका पॅकेजसाठी रेंज शोधत फिरणं परवडत नाही. म्हणून लॅपटॉप तालुक्याला नेलात, की 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' मध्ये सोर्स कोडच्या चौकोनात टिक करा आणि 'सुडो अ‍ॅप्ट बिल्ड-डेप टेसरॅक्ट' चालवा. ही यादी ४.१ ची असली तरी ५ व्या आवृत्तीला लागणारं बहुतेक सगळं त्यातच एकदम उतरतं. सोर्स आणि मराठीची 'मार डॉट ट्रेनडडेटा' फाईलही तिथेच घ्या. (नाव 'मार' असलं तरी फाईल गरीब आहे.)

शाळेत परतल्यावर 'कॉन्फिगर' पुन्हा पहिल्यापासून चालवा, मगच 'मेक'.