सेरुलेनिन : जीवाणूंचे विकर रोखणारे स्निग्धद्रव्य

जीवाणूंच्या पेशीपटलास मेदाम्ले आवश्यक असतात. त्यांची विकरे, म्हणजेच एन्झाइम, दोन-दोन कार्बन जोडून मेदाम्लांची साखळी वाढवितात. जपानमध्ये एका बुरशीपासून मिळालेले सेरुलेनिन हे १२ कार्बनांचे स्निग्धद्रव्य ही जोडणी करणाऱ्या विकराच्या क्रियास्थानी कायमचे जखडून बसते व साखळीची वाढ खुंटते. सातोशी ओमुरा (नोबेल, २०१५) यांनी या द्रव्याचा सखोल अभ्यास केला.

तथापि सेरुलेनिन रुग्णोपयोगी औषध ठरले नाही. ते मानवी मेदाम्लनिर्मितीही रोखते. उलट १९५२ पासून वापरात असलेले आयसोनियाझिड कृत्रिम असूनही क्षयजंतूंचे जे विकर रोखते, ते मानवात नाही. सारांश, 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. युक्तीवाचून दिलेले औषधही विषवत् ठरते, हा चरकसंहितेतील विचार येथे स्मरावा.

म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील वैद्यबंधू-भगिनींना व औषधविक्रेत्यांना आम्ही विनंती करतो, की क्षयरुग्णाने नैसर्गिक पर्याय मागितल्यास शासकीय औषधांचा क्रम तुटू देऊ नये. आयसोनियाझिड यकृतास बाधक ठरू शकते. यास्तव आपण योजिलेल्या बल्य औषधांची माहिती उपचार करणाऱ्या क्षयरोग केंद्रास अवश्य द्यावी.