वेगळी चूल, पण कागदावर

चिमे, काल फोनवर तू अगदी सहज म्हणालीस, "ताई, सासू-सासऱ्यांसाठी बेसमेंटमध्ये सोय करतोय, त्यात काय एवढं!" मी हूं हूं करून विषय बदलला. शेजारीच तुझे भावजी बसले होते आणि हा विषय निघाला की आमचं जुनं भांडण नव्याने सुरू होतं. आता ते बाहेर गेलेत, म्हणून निवांत सांगते.

नुसती खोली बांधलीस तर प्रश्न साधा असतो गं, घोडं अडतं ते चुलीपाशी. खोली, बाथरूम, फार तर सिंक आणि छोटा फ्रिज, इथवर ते तुझंच घर. तिथे शेगडी आली, वेगळं दार आलं, की टाउन हॉलच्या हिशेबी ते दुसरं घर झालं. आपल्याकडे वेगळी चूल मांडली की लोक म्हणतात, घर फुटलं. मॅसॅच्युसेट्समध्येही चूलच मोजतात हे कळलं तेव्हा मला हसू आलं होतं.

पुढे हसू पळालं ते सोड. आमच्या वेळी 'इन-लॉ अपार्टमेंट'ला गावाचं स्पेशल परमिट लागायचं. शेजाऱ्यांना टपालाने नोटिसा गेल्या, बोर्डापुढे सुनावणी झाली. एका गृहस्थांनी उठून विचारलं, गाड्या किती वाढणार? मामंजींनी जन्मात गाडी चालवली नव्हती! परमिट मिळालं ते अटींसकट: राहणारे नात्यातलेच हवेत, दरवर्षी तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि ते गेले की शेगडी काढायची. मामंजी वारले, सासूबाई पुण्याला धाकट्या दिरांकडे गेल्या, तेव्हा मी माणूस बोलावून शेगडी काढली. मागच्या टाइलवर त्यांच्या फोडणीचा हळदीचा डाग तेवढा राहिलाय. तो मी घासलेला नाही.

तुझ्या वेळेला कायदा बदललाय. ऑगस्ट 2024 मध्ये गव्हर्नर मोरा हीली यांनी सही केली आणि 2 फेब्रुवारी 2025 पासून एका कुटुंबाच्या घरांच्या झोनमध्ये असं एक जोडघर हक्काने बांधता येतं, स्पेशल परमिट न मागता. मर्यादा 900 चौरस फूट किंवा मूळ घराच्या निम्मं, यात जे कमी असेल ते. म्हणजे तुझं घर 1600 फुटांचं असेल तर 800च. नात्याची अट गावाला घालता येत नाही, मालकाने तिथेच राहावं अशीही नाही. पार्किंगची जागा एकाहून जास्त मागता येत नाही, आणि रेल्वे स्टेशन अर्ध्या मैलाच्या आत असेल तर तीही नाही. नात्याची अट नसल्यामुळे पुढे खोल्या रिकाम्या पडल्या तर भाडेकरू ठेवता येईल. दोन-चार रात्रींच्या पाहुण्यांना देण्यावर मात्र गाव बंदी घालू शकतं. बॉस्टन शहर या कायद्यात येत नाही, पण तू तिथे नाहीस, सुटलीस.

पण हक्काने म्हणजे न विचारता नव्हे. बिल्डिंग परमिट लागतंच. आमचा पहिला कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "आतल्या कामाला कोण बघतंय?" आणि आम्ही ऐकलं. इन्स्पेक्टर आला तेव्हा आतली वायरिंग दाखवायला नवीकोरी भिंत फोडावी लागली. भांडण ते हेच, कारण त्या माणसाला शोधून आणणारे तुझे भावजी होते.

आणि सेप्टिक! तुमच्या गल्लीत सांडपाण्याची सार्वजनिक लाइन नाही ना? मग नीट ऐक. राज्याच्या नियमात सेप्टिकची क्षमता माणसांवर नाही, बेडरूमवर मोजतात, दर बेडरूममागे दिवसाला 110 गॅलन. तुझी सेप्टिक यंत्रणा तीन बेडरूमची असेल तर तिची क्षमता दिवसाला 330 गॅलन. चौथी बेडरूम काढलीस की बोर्ड ऑफ हेल्थ तुला सेप्टिक वाढवायला लावू शकतं, आणि तो खर्च स्वयंपाकघराच्या वर जातो. झोनिंगचा कायदा कितीही उदार झाला तरी जमिनीखालचं पाणी कुठे ऐकतंय?

आता तुझ्या-माझ्यातलं. कायद्याला वेगळं दार लागतं, पण ते बाहेरूनच हवं असं नाही, दोन्ही घरांना सामाईक अशा पॅसेजमधून चालतं. तू पॅसेजमधलंच घे. जानेवारीत चहापत्ती मागायला सासूबाईंनी बर्फातून वळसा घालावा का? आणि त्या दाराला कडी दोन्ही बाजूंनी ठेव. मी ठेवली नव्हती. रविवारी सकाळी सात वाजता मामंजी पेपर मागायला आमच्या बेडरूमपर्यंत यायचे. बेसमेंटचाही हट्ट सोड. तुझ्या सासऱ्यांचे गुडघे मी गणपतीत पाहिलेत. गॅरेजच्या बाजूला, तळमजल्यावर जमतंय का बघ.

सोमवारी आधी बोर्ड ऑफ हेल्थकडून सेप्टिकचा नकाशा माग, मग बिल्डिंग डिपार्टमेंटला फोन कर. कॉन्ट्रॅक्टरला त्यानंतर. आणि शेगडी कुठल्या भिंतीला हवी, ते सासूबाईंना विचार, तुझ्या नवऱ्याला नको.