तीन आवाजांची चिप : आकड्यांतले संगीत आणि त्याची नक्कल

संगीत कलाशाखेचे आणि संगणक विज्ञानशाखेचा, अशी वाटणी आपण सोयीसाठी करून ठेवली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय दोन्ही खात्यांत बसणारा आहे. १९८० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील घरगुती संगणकांसाठी जे संगीत रचले गेले, ते बहुतांशी स्वरलिपीत उतरवलेले नव्हते आणि वाद्यांवर वाजवून ध्वनिमुद्रितही केलेले नव्हते. ते आकड्यांच्या आज्ञांत लिहिलेले होते आणि ठराविक चिपवरच वाजत असे. या लेखात ज्या चिपचा विचार केला आहे तिचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. मग असे संगीत टिकवायचे म्हणजे नेमके काय टिकवायचे? या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी ती चिप काम कशी करते ते पाहू.

चिपचे नाव ‘सिड’, क्रमांक ६५८१. अमेरिकेतील एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीत बॉब यॅनेस या अभियंत्याने १९८१ मध्ये ती तयार केली आणि १९८२ मध्ये ती कमोडोर ६४ या संगणकात बसली. यॅनेस हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा शौकीन होता. त्याला याहून अधिक आवाजांची चिप करावयाची होती. परंतु वेळ थोडा मिळाला आणि काम तीन आवाजांवर थांबले. प्रत्येक आवाजाला चार प्रकारच्या लहरी उपलब्ध आहेत. त्रिकोणी लहर बासरीसारखी मऊ असते, करवतीच्या दात्यांसारखी लहर धारदार असते, तिसरी चौकोनी स्पंदांची असते आणि चौथी म्हणजे निव्वळ खरखर. या खरखरीतून तालवाद्यांचा भास निर्माण करता येतो.

आता स्वर कसा निघतो ते पाहू. प्रत्येक आवाजासाठी चिपमध्ये एक मोजयंत्र आहे. ते १,६७,७७,२१६ पायऱ्या मोजून पुन्हा शून्यावर येते. युरोपात विकल्या गेलेल्या यंत्रात दर सेकंदाला ९,८५,२४८ ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याला आपण दिलेला आकडा मोजयंत्रात मिळवला जातो. मोजयंत्राची एक फेरी म्हणजे ध्वनीचे एक कंपन. दर सेकंदाला ४४० कंपनांचा स्वर हवा असेल, तर हिशेबाने आकडा येतो सुमारे ७४९२. चिपच्या एका खणात २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. म्हणून ७४९२ ला २५६ ने भागून भागाकार २९ एका खणात आणि बाकी ६८ दुसऱ्या खणात ठेवावी लागते.

कमोडोरच्या बेसिक भाषेत ‘पोक’ या आज्ञेने हे खण भरता येतात. प्रथम ५४२९६ मध्ये १५ ठेवावे. हा आवाजाचा मोठेपणा. मग ५४२७२ मध्ये ६८ आणि ५४२७३ मध्ये २९, हा स्वर. नंतर ५४२७७ मध्ये ९ आणि ५४२७८ मध्ये ०. ही स्वराची घडण. शेवटी ५४२७६ मध्ये ३३ ठेवले की करवती लहरीचा स्वर उमटतो. येथे ‘घडण’ शब्दाचा खुलासा करावयास हवा. हार्मोनियमचा स्वर भाता चालू असेपर्यंत टिकतो. सतारीची तार छेडताच स्वर एकदम उठतो आणि विरत जातो. सिडमध्ये हा फरक चार आकड्यांत सांगता येतो : स्वर किती वेळात उठावा, किती वेळात उतरावा, कोणत्या पातळीवर टिकावा आणि सोडल्यावर किती वेळात विरावा. वरील उदाहरणात स्वर तत्काळ उठतो आणि पाऊण सेकंदात मावळतो, म्हणजे छेडलेल्या तारेसारखा.

तीनच आवाज असल्याने रचनाकारांना युक्त्या शोधाव्या लागल्या. रॉब हबर्ड आणि मार्टिन गॅलवे हे ब्रिटनमधील या क्षेत्रातले दोन प्रसिद्ध रचनाकार. पाश्चात्त्य संगीताला एकाच वेळी वाजणारे तीन स्वर वारंवार लागतात. तिन्ही आवाज त्यातच खर्ची पडले तर धून आणि ठेका कशावर वाजवावा? संगीताचा कार्यक्रम सामान्यतः सेकंदाला ५० वेळा चालत असे. म्हणून एकाच आवाजाला दर खेपेस पुढचा स्वर देऊन तिन्ही स्वर झरझर फिरवीत. कानाला ते जवळजवळ एकत्र भासतात आणि दोन आवाज मोकळे राहतात. या संगीताची जी थरथर आज त्याची ओळख मानली जाते, ती अशी टंचाईतून आली आहे.

आपल्या संगीताच्या दृष्टीने मला यात आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटली. हार्मोनियमचे सूर ठरलेले असतात, म्हणून ते आपल्या गायकीला मानवत नाहीत, हा वाद जुना आहे. आकाशवाणीवर १९४० पासून अनेक वर्षे हार्मोनियमला बंदी होती. सिडला मात्र पट्ट्याच नाहीत. षड्ज २४० कंपनांचा धरला तर शुद्ध गांधार ३०० वर येतो आणि त्याचा आकडा ५१०९ होतो. समान बारा भागांच्या पाश्चात्त्य पद्धतीचा गांधार ३०२ च्या किंचित वर असतो. त्याचा आकडा ५१४९. म्हणजे दोन गांधारांमध्ये ४० पायऱ्यांचे अंतर आहे आणि त्यांतील कोणतीही पायरी निवडता येते. षड्जाचा आकडा ४०८७. तेथून तो दर खेपेस सुमारे २० ने वाढवत नेला, तर एका सेकंदात गांधारापर्यंत मींड पूर्ण होते. ‘व्हाइस’ नावाच्या एम्युलेटरवर मी ती ऐकली. तिला गायकाच्या मींडेचा डौल नाही, कारण तिची चाल एकसारखी आहे. पण आकडे कमीअधिक वेगाने बदलले तर वळणही देता येते.

एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा कार्यक्रम. सिडचे संगीत वाजवावयाचे तर चिपबरोबरच तिला आज्ञा देणाऱ्या प्रोसेसरचीही नक्कल करावी लागते, कारण धून त्याच्याच भाषेत लिहिलेली असते. मोजयंत्राची नक्कल सोपी. ते निव्वळ अंकगणित आहे. खरी अडचण ध्वनी गाळणाऱ्या फिल्टरची. तो आकड्यांवर चालत नाही, विद्युतदाबावर चालतो. आणि ६५८१ च्या दोन चिपांचे फिल्टर सहसा सारखे वाजत नाहीत. डॅग लेम यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘रिसिड’ हा कार्यक्रम लिहिला. त्यात चिपचा हिशेब ठोक्याठोक्याने केला जातो आणि त्यासाठी प्रत्यक्ष चिपांच्या अभ्यासाचा आधार घेतलेला आहे.

याहून उद्बोधक गोष्ट एका दोषाची आहे. ६५८१ मध्ये मोठेपणाचा आकडा बदलला की ‘टक्’ असा आवाज येई. रचनाकारांनी तोच आकडा सेकंदाला हजारो वेळा बदलून मुद्रित ध्वनी वाजवला. १९८७ च्या ‘स्केट ऑर डाय’ या खेळात हबर्डने अशा रीतीने गिटार ऐकवली. पुढे ८५८० ही सुधारित चिप आली, तिच्यातून तो दोष जवळजवळ गेला आणि त्याबरोबर ही गिटारही क्षीण झाली! म्हणून चांगल्या एम्युलेटरला चिपचे गुण जसे उतरवावे लागतात तसा तिचा दोषही.

‘हाय व्होल्टेज सिड कलेक्शन’ या संग्रहात आज ५०,००० हून अधिक रचना हौशी मंडळींनी जतन केल्या आहेत. पण आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्याने पुरे होत नाही, असे माझे मत आहे. आकडे जपले म्हणजे बंदिश जपली. ती कोणत्या वाद्यावर, कोणत्या खोडीसकट वाजत होती हे जपले नाही, तर तिचे निम्मे मर्म हरवते. आपल्याकडेही बंदिशी पुस्तकांत सुरक्षित आहेत, पण जुन्या वाद्यांच्या जवारीची आणि नादाची नोंद कितीशी झाली आहे? संगीताच्या अभ्यासकाने वाद्याच्या कारागिराशी आणि आता संगणकाच्या जाणकाराशीही बोलले पाहिजे, ते याचसाठी.