दाखला मिळेपर्यंत

मानवी तस्करी म्हटलं की शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे सरहद्द, अंधार, बंद गाडी असलं काहीतरी येतं. रायगडातल्या कातकरवाड्यांत ती दिवाळीनंतर भरदिवसा येते. मुकादम हातावर उचल ठेवतो आणि भांडीकुंडी, पोरंबाळं, कोंबड्या घेऊन अख्खं कुटुंब कर्नाटकातल्या कोळसाभट्टीवर जातं. तिथं मारहाण, डांबून ठेवणं सोसून जे सुटून येतात, त्यांना हक्काचं मिळावं म्हणून आम्ही काही जण खटपट करतो. त्यातून उमगलेलं हे थोडंसं.

१. सुटका हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग. त्या दिवशी पोलीस असतात, अधिकारी असतात, फोटोही निघतात. घोषणा देऊन देऊन माझा आवाज बसलेला असतो आणि मी स्वतःवर बेहद्द खूश असते. अशाच एका संध्याकाळी टेम्पोतून उतरलेल्या बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, माझ्या चार कोंबड्या तिथंच राहिल्या. पंचनाम्यात लिवल्या का?" लिहिल्या नव्हत्या. तिच्या लेखी तिची सगळी पुंजी भट्टीवर राहिली होती आणि आम्ही न्यायाच्या गोष्टी करत होतो.

२. आपण गुलाम होतो हेसुद्धा कागदावर सिद्ध करावं लागतं. वेठबिगारीविरोधातला कायदा १९७६चा. त्याखाली मुक्तीचा दाखला मिळाला तरच पुनर्वसनाचं दार उघडतं. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत. पुढे पुरुषाला १ लाख, बाईला किंवा मुलाला २ लाख, तस्करीसारख्या टोकाच्या प्रकरणात ३ लाख. पण ही मोठी रक्कम आरोपीच्या शिक्षेशी जोडलेली, म्हणजे खटला रखडला की मदतही रखडली. कचेरीत पहिला प्रश्न ठरलेला: "बांधून कुठं ठेवलं होतं? चालतेफिरते तर आहेत!" किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलंय. मी त्या निकालाची झेरॉक्स पिशवीत बाळगते. साहेब ती कौतुकाने चाळतात, फायलीला लावतात आणि वर शेरा मारतात: "मजुरीचा वाद."

३. एकच दुःख किती वेळा सांगायला लावायचं, याला आपल्याकडे धरबंद नाही. पोलिसांना जबाब, प्रांतांना जबाब, कोर्टात साक्ष, मध्येच कुणी पत्रकार. एकदा मीच "पहिल्यापासून सांग गं" म्हटल्यावर एक पोरगी शांतपणे म्हणाली, "तुमच्या वहीत हाय ना? वाचा की." भल्याभल्यांनी केला नसेल इतका नेमका पाणउतारा होता तो.

४. तारखेला जायचं म्हणजे रोज बुडवायचा, आणि रोज बुडाला की चूल. आम्ही भरपाईच्या आकड्यांवर निवेदनं लिहीत बसलो. बायकांचं म्हणणं साधं होतं. भातकापणी संपली की वाडीजवळ काम द्या आणि पैसे वेळेवर द्या. रोजगार हमीची मजुरी उशिरा येते, मुकादमाची उचल रोख आणि आधी येते. सुटलेलं कुटुंब पुन्हा त्याच भट्टीवर का गेलं, असं मला कुणी विचारलं की मी हल्ली फक्त कॅलेंडर दाखवते.

५. पुढारीपण आपल्याकडे नसलेलंच बरं. १९९६ साली मुंबईच्या कुंटणखान्यांतून सोडवलेल्या नेपाळी मुलींपैकी काही जणींनी मायदेशी परतून 'शक्ती समूह' ही स्वतःची संघटना काढली. २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या सभेत मात्र अजून माईक आमच्याच हातात असतो. परवा एकीने तो मागून घेतला, आणि तहसीलदारांनी पहिल्यांदा मान वर करून ऐकलं.

तुमच्या गावाबाहेरच्या वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर कुणी उचलीपायी अडकून पडलेलं दिसलं, तर प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून भागत नाही. आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.